सकाळी नऊ वाजता एकशे अठरा घरी

नत्थूजी घागरे यांचा धंदा दोरांचा. वेसण, कासरा, दावे, विहिरीचा दोर, असे सगळे त्यांच्या दुकानात टांगलेले असे. पण पांढुर्ण्यात त्यांना दोरवाले म्हणून कोणी ओळखत नव्हते. ते पंच होते. पंचायतीचे पंच नव्हेत. निवडणुकीला उभे राहण्याची त्यांची छाती नव्हती आणि गावाचीही तशी इच्छा नव्हती. पोलिसाने किंवा पटवाऱ्याने जागेवर जाऊन काय पाहिले ते लिहून काढायचे, त्या कागदाला पंचनामा म्हणतात. 'होय, आम्हीही हे समक्ष पाहिले' असे म्हणून त्याखाली गावातल्या दोन माणसांनी सही करायची असते. त्या दोघांतले एक, सलग वीस वर्षे, नत्थूजी.

यात त्यांचा गुण एवढाच, की दुकान चावडीला लागून होते. हाक मारली की ऐकू जात असे. दुसरे पंच रामाजी. ते चावडीच्या ओट्यावर बिड्या वळत बसत. नत्थूजी सही करत, रामाजी अंगठा देत. चोरी झाली, विहिरीत कोणी पडले, गंजी पेटली, दोन भावांनी बांधावरून डोकी फोडली, की हे दोघे निघालेच. लांबचे असेल तर निघतही नसत. कागदच त्यांच्याकडे येई.

नत्थूजींची सही मात्र देखणी होती. आडनावाखालून एक रेघ निघायची, डावीकडे वळसा घ्यायची आणि परत येऊन दोन टिंबांवर थांबायची. सही करण्याआधी कागद वाचण्याची काही लोकांना खोड असते. नत्थूजींना ती नव्हती.

बेचाळीस साली बाजारातल्या सभेतला तिरंगा जप्त झाला, त्या पंचनाम्यावर नत्थूजींची सही आहे. सत्तेचाळीस साली चावडीवर तिरंगा चढला, त्या समारंभाच्या अहवालावरही त्यांचीच सही आहे. दोन्ही सह्यांत टिंबाचाही फरक नाही. शाईसुद्धा बहुधा चावडीच्या त्याच दौतीतली असावी. कोणी टोमणा मारला तर ते म्हणत, "राज्य कोनाचंबी असो बाप्पा, समक्ष पायनारा मानूस लागतेच."

हा मान दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये याची त्यांनी नीट व्यवस्था केली होती. कोणी हौसेने पंच व्हायला पुढे आला की ते त्याला बाजूला घेत. "हो ना पंच. पन मंग छिंदवाड्याले जा लागते. कोर्टात वकील तीनदा बापाचं नाव विचारते. तिसऱ्यांदा आपल्यालेच शंका येते." माणूस घरी जाई. वीस वर्षांत ही भीती गावात इतकी मुरली, की पटवारी दिसला तरी लोक गल्ली बदलत.

छप्पन साली पोळा झाला, दुसऱ्या दिवशी दगडफेकीची गोटमार झाली, फुटलेली डोकी बांधून झाली, आणि आठव्या दिवशी, बारा सप्टेंबरला, जाम नदी गावात आली. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या. सोळा भाज्यांची तयारी चुलीवर होती ती चुलीसकट गेली. नदीकाठच्या ओळीतली घरे मातीची, वर कवेलूंची, म्हणजे कौलांची, छपरे. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात. पाणी उतरायला लागले की मग बसतात.

नत्थूजींचे घर त्याच ओळीत होते. सकाळी नऊच्या सुमाराला ते छपरावर होते. शेजारी त्यांची बायको जयवंता, महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे टोपलीत घालून ती टोपली पोटाशी धरून बसलेली. पलीकडच्या छपरावर देवकाबाई, साठीची विधवा, एकटी. तिचे छप्पर खचायला लागले तेव्हा नत्थूजींनी घरातल्या मालातला कासरा फेकला. म्हातारीने तो काखेखालून बांधला आणि नत्थूजींनी तिला बैल ओढावा तसे आपल्या छपरावर ओढून घेतले. पाऊण तासाने तिचे घर बसले. दुपारी नत्थूजींची मागची भिंत आणि मधला खण गेला.

आयुष्यात समक्ष पाहण्यासारखे त्यांनी जे काही पाहिले ते हेच. याचा पंचनामा कुठेही नाही.

पाणी उतरल्यावर सरकार आले. पटवारी भगवंतराव यांना हुकूम झाला, की तीन दिवसांत पडलेल्या घरांचे पंचनामे करा. ज्यांची घरे गेली त्यांना स्टेशनाकडच्या बरडावर घरासाठी जागा मिळेल. बरड म्हणजे खडकाळ उंचवटा. तिथे गवत उगवत नाही आणि पूरही येत नाही. नदीकाठच्या माणसाला दुसरी गोष्ट पुरेशी होती.

भगवंतराव व्यवस्थित माणूस. त्यांनी चावडीत बसून एक नमुना तयार केला, 'आज दिनांक १२ सप्टेंबर रोजी सकाळी नऊ वाजता आम्ही पंच जागेवर हजर राहून घर पडलेले समक्ष पाहिले', आणि त्याच्या एकशे अठरा प्रती काढल्या. मालकाचे नाव आणि पडलेल्या भिंतींचा आकडा, एवढ्यापुरत्या जागा कोऱ्या. मग तीन दिवस चिखल तुडवत भगवंतराव, नत्थूजी आणि रामाजी दारोदार फिरले. दारोदार म्हणायचे एवढेच, दार फारसे कुठे उरले नव्हते.

पहिल्याच दिवशी जयवंता चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यात आडवी आली. "अजी, आपल्या घराचं कवा?"

"अवं, पटवारी माझ्याच संगं फिरून राहिला. आपलं कुठं जाते? शेवटी करू."

शेवटी केले. आपल्या पडक्या भिंतीसमोर उभे राहून नत्थूजींनी कागद हातात घेतला, पेन उचलले आणि भगवंतरावांनी त्यांचा हात धरला.

"नत्थूजी, तुम्ही मालक. मालकाला आपल्याच घराचा पंच होता येत नाही."

ही गोष्ट वीस वर्षांत त्यांच्या लक्षात आली नव्हती, कारण वीस वर्षांत त्यांच्या घरी काही घडले नव्हते. रामाजींचा अंगठा झाला. दुसरा पंच पाहिजे. नत्थूजींनी शेजारच्या चिंधूला हाक मारली. चिंधू तेली, त्याच ओळीतला, गडी धट्टाकट्टा. त्याच दिवशी सकाळी त्याच्या चार भिंतींवर नत्थूजींनी सही केली होती.

"चिंधू, ये बे. सही कर."

"म्या?" चिंधूने घमेले खाली ठेवले नाही. "नाई बाप्पा. छिंदवाड्याले जा लागते. वकील तीनदा बापाचं नाव विचारते म्हन्तात."

"कोन म्हन्ते?"

"तुमीच त म्हनून राहिले होते."

आणखी चौघांना विचारले. चौघांनाही वकील आणि बाप आठवला. तेव्हा देवकाबाई पुढे आली. "मी देतो ना अंगठा. मी त छपरावरच होतो."

भगवंतराव म्हणाले, "बायांचा अंगठा साहेब मानत नाहीत." असा नियम कुठे लिहिला होता ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. एकशे एकोणिसावा कागद एका अंगठ्यावर गेला. त्यावरही भगवंतरावांनी सवयीने सकाळचे नऊ लिहिले, आणि देवकाबाईचे ऐकून 'मालक तेव्हा छपरावर होता' हेही टाकले. एकशे एकोणीस कागदांत वेळ खरी होती ती एवढ्या एकाच कागदावर.

कागद सौसरला तहसिलीत गेले, तिथून छिंदवाडा, तिथून राजधानी नागपूर. ते नागपूरला पोचले आणि एक नोव्हेंबर उजाडला. राज्ये बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात, आणि आमची राजधानी भोपाळ झाली, जी गावात कोणी पाहिलेली नव्हती. नागपूरच्या कचेरीने गठ्ठा परत पाठवला. वर शेरा होता, 'हा पूर या राज्याचा नाही.' शेरा बरोबरच होता. घरे वाहून गेली एका राज्यात आणि चिखल वाळला दुसऱ्यात.

नव्या कचेरीने कागद हिंदीत मागितले. भगवंतरावांनी ते केले. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावले की हिंदी होते, अशी त्यांची समजूत होती.

मधल्या काळात नत्थूजी आणि जयवंता आपल्या एका अंगठ्याच्या कागदासाठी चार वेळा सौसरला जाऊन आले. मोटार वाटेत जामसांवलीला थांबे. जयवंता उतरून तिथल्या निजलेल्या मारुतीला नारळ फोडून येई. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अजी, हा मारुती झोपून हाय तरी लोकायचं काम करते. कचेरीतले समदे जागे हायत, तरी तुमचं होऊन नाई राहिलं."

पौषात तहसिलीचे नवे नायबसाहेब स्वतः पांढुर्ण्याला आले. वरच्या, हिंदी मुलखातले, तरुण. त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी कागद वाचले होते.

चावडीसमोर सगळी नदीकाठची माणसे बसली. साहेबांनी विचारले, "नत्थूजी घागरे कौन?"

नत्थूजी टोपी सावरत उठले. आपली ख्याती नव्या राज्यातही पोचली, असे त्यांना क्षणभर वाटून गेले.

"बारह सितंबर को सुबह नौ बजे आप कहाँ थे?"

नत्थूजींनी भगवंतरावांकडे पाहिले. भगवंतरावांनी आभाळाकडे पाहिले.

साहेबांनी एक कागद उचलला. "यहाँ लिखा है, चिंधू के मकान पर थे।" दुसरा उचलला. "यहाँ भी थे। नौ बजे।" तिसरा, चौथा. "एक सौ अठारह मकान, नौ बजे। आप तो बहुत बड़े आदमी हैं।"

कोणीतरी मागे फिस्सकन हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी शेवटचा कागद वर काढला. "और यह आपका अपना मकान। यहाँ रामाजी कहते हैं, नौ बजे आप अपने छप्पर पर थे।"

रामाजींनी घाईने आपला अंगठा पाहिला, जणू तोच काही बोलून बसला होता.

मग साहेबांनी हिशेब सरळ मांडला. पुराच्या गडबडीत माणूस घरोघर फिरला आणि वेळ अंदाजाने लिहिली, एवढे ते मानायला तयार होते. पण घरोघर फिरणारा माणूस आपल्या छपरावर असू शकत नाही. नत्थूजी छपरावर असतील तर एकशे अठरा कागद खोटे; सगळे रद्द. घरोघर फिरले असतील तर त्यांचा स्वतःचा कागद खोटा, तो रद्द. "सोचकर बताइए।"

चावडीसमोर एकशे अठरा घरांची माणसे होती. तेवढी शांतता पांढुर्ण्यात कीर्तनालाही मिळालेली नाही.

तेवढ्यात देवकाबाई उठली. "मी सांगतो, साहेब. थो छपरावरच होता. नव काय अन् धा काय, पुरा येळ होता. मले कासऱ्यानं वढलं त्यानं. माझ्या काखेत अजून वण हाय. पायता का?"

"बस वं मावशी खाली!" चिंधूने तिचा पदर ओढला. "तुयीबी जागा जाईन ना!"

"जाईन त जाईन. खरं हाय थे खरं हाय."

आता चारी बाजूंनी तिला खाली ओढणे सुरू झाले. पुरात तिच्यासाठी एक हात पुढे आला होता. इथे पंचवीस आले. साहेबांनी विचारले, "क्या कह रही है?"

पटकन उत्तर आले ते नत्थूजींचे. "कुछ नहीं साहेब. बुढी को दिखता नहीं. मोतीबिंदू है. मैं घरोघर फिरताच था."

देवकाबाई गप्प झाली. ती इतकी अचानक गप्प झाली, की पदर ओढणारे मागे कोलमडले.

जबाब लिहिला गेला. नत्थूजींनी तो हातात घेतला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सही करण्याआधी कागद वाचला. वाचायला बराच वेळ लागला. मग त्यांनी सही केली, रेघ, वळसा आणि दोन टिंबे, सगळी जिथल्या तिथे.

त्यांनी हे एकशे अठरा कुटुंबांसाठी केले, असे पुढे पुष्कळ जण म्हणाले. असेलही. पण आपली सही एकशे अठरा ठिकाणी खोटी ठरावी, हे त्यांना अर्ध्या घरापेक्षा जड गेले असावे, असे त्यांना जवळून ओळखणारे म्हणत. मला दोन्ही खरे वाटते. माणूस मोठे काम करतो तेव्हा त्यामागे नेहमी मोठेच कारण असते असे नाही.

जयवंतेने मात्र घरी गेल्यावर एकच विचारले. "अजी, तुमी नव वाजता एकशे अठरा घरी होते. मंग छपरावर माझ्यासंगं कोन होता?"

नत्थूजी कंदील घेऊन पडकी मागची भिंत बघायला गेले.

सत्तावन्नच्या पाडव्याला बरडावर जागा वाटल्या. चुन्याच्या रेघा, खुंट्या, नंबर. प्रत्येक जागेचा ताबा दिल्याचा कागद झाला आणि ताबा दिल्याला पंच लागतात. एकशे अठरा ताबे नत्थूजींच्या सहीने झाले. लोकांनी त्यांना प्रत्येक जागेवर गूळ दिला. वस्तीला त्यांचे नाव द्यावे असे दोन दिवस बोलणे चालले होते. मग कोणाच्या तरी लक्षात आले की नत्थूनगरात नत्थूजींचेच घर नाही, ते बरे दिसणार नाही. नाव एका मंत्र्याचे दिले. ते कधी आले नाहीत. पाटी लावली त्याच्या कागदावर पंच कोण, ते सांगायला नको.

देवकाबाईलाही जागा मिळाली. तिने तिथे एक खोली घातली. नत्थूजी काही कामाने बरडावर आले, की ती दारात हात पुढे करून हवेत चाचपत उभी राही. "कोन हाय बाप्पा? मले दिसत नाई."

"मी हाव मावशी, नत्थू."

"कोनता नत्थू? छपरावरचा का घरोघरचा?"

नत्थूजी रस्ता बदलून जाऊ लागले.

नदीकाठची ओळ ओस पडली. लोकांनी दारे, चौकटी, कवेलूसुद्धा वर नेले. एक नत्थूजींचे घर राहिले, मागची भिंत नवी, पुढची जुनी. पावसाळ्यात पाणी वाढले की वरची माणसे संध्याकाळी बरडाच्या कडेला उभी राहून ते पाहत आणि नत्थूजींच्या घरात कंदील दिसतो का ते बघत. त्यांना खरोखर काळजी वाटत असे. खाली येण्याइतकी नव्हे.

एकोणसाठच्या भाद्रपदात जाम पुन्हा आली. त्या एका घराची नवी भिंत गेली, जुनी राहिली. या वेळच्या कागदावर नत्थूजींना पुढच्या साली बरडावर जागा मिळाली. ती वस्तीच्या टोकाला, जिथे सगळ्या बरडाचे पाणी येऊन साचते अशी एकमेव जागा आहे. ते असो. तो कागद कसा झाला ते सांगायचे आहे.

भगवंतराव चिखलातून आले. रामाजी त्या उन्हाळ्यात वारले होते. त्यांच्या अंगठ्यावाचून चावडीचे फार अडू लागले होते. पंच दोन पाहिजेत, आणि नत्थूजी मालक. भगवंतरावांनी बरडाकडे तोंड करून हाका मारल्या. वर चाळीस माणसे उभी होती. चिंधू दोन पावले उतरून म्हणाला, "आमी वरतून पायलं, पटवारी साहेब. दुरून. त्याले समक्ष म्हन्ता येत नाई." पंचनाम्याचा कायदा एवढा बारकाईने त्याला कोणी शिकवला, ते नत्थूजी जाणून होते. पडलेल्या भिंतीच्या मातीतून जयवंता महालक्ष्म्यांची टोपली उकरत होती.

मग काठी टेकत देवकाबाई उतरली. गर्दीतून जाताना तिने चिंधूचे मनगट धरले आणि त्याला तसाच खाली आणला.

"घे लिहून," ती भगवंतरावांना म्हणाली. "एक मी. दुसरा हा."

"म्या नाई मावशी—"

"नाई म्हन. जातो मी सौसरले. छप्पन सालचं साहेबाले सांगतो, काखेतला वण दाखवून. तुयं घर कोनत्या नंबरात हाय रे?"

चिंधूने पेन घेतले.

भगवंतरावांनी घसा खाकरला. "देवकाबाई, बायांचा अंगठा साहेब—"

"साहेबाले सांग, बाई आंधळी हाय. आंधळ्याचं काय, बाई का बुवा."

नत्थूजी खाली पाहत होते. देवकाबाई त्यांच्याकडे वळली. त्या दिवशी ती चाचपली नाही. "नत्थ्या, टोपी नीट कर. मालक हायस."

भगवंतरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला. मालकाचे नाव लिहिले, भिंत लिहिली आणि पेन थांबवून विचारले, "बाई, घर पडलेले तुम्ही किती वाजता पाहिले?"

देवकाबाईने शाईचा अंगठा वर धरला होता. ती म्हणाली, "खरं सांगू, का पंचनाम्यासारखं सांगू?"

भगवंतरावांनी कागदाकडे पाहिले. वरच्या ओळीत त्यांनी सकाळचे नऊ आधीच लिहून ठेवले होते.